आखाजीला तापते, पोळ्याला बरी होते: जुन्या टर्बो डिझेल गाडीच्या तापण्याचा छडा

आमची गाडी २००४ सालची. अडीच लिटरचं टर्बो डिझेल इंजिन, इंटरकूलरवालं; म्हणजे टर्बो धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबतो आणि इंटरकूलर ती हवा वाटेत गार करतो. डिझेलचा पंप अजून मेकॅनिकल आहे, म्हणजे कॉम्प्युटर जोडून चूक विचारायची सोय नाही. फोर बाय फोर आहे आणि ते शोभेसाठी नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत तोरणमाळच्या वरच्या पाड्यांवर ठिबकची बंडलं पोचवायच्या महिन्यातून तीन-चार खेपा होतात. कंपनीचं नाव घेत नाही. वीस वर्षं वापरलेल्या गाडीची तक्रार कंपनीच्या खात्यावर टाकणं बरं दिसत नाही, आणि पुढे दिसेलच की त्यातल्या निम्म्या भानगडी आमच्याच हातच्या होत्या.

दुखणं असं. गुढीपाडवा झाला की सुरू. सपाटीला सत्तरच्या वेगाने कितीही पळवा, तापमानाचा काटा मधोमध. बाजाराच्या दिवशी गावात अर्धा तास चालू ठेवून उभी करा, काटा मधोमध. राणीपूर सोडून चढ लागला आणि सात-आठ वळणं झाली की काटा उचलायला लागतो, वर पोचेपर्यंत लाल पट्टीला टेकतो. जूनमध्ये दोन पाऊस पडले की आजार गायब. पोळ्याला तर गाडी अशी वागते की तिला कधी काही झालंच नव्हतं.

असे तीन उन्हाळे गेले. पहिल्या वर्षी एका गॅरेजात थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकला, "आपल्याकडे त्याचं कामच काय" म्हणून. दुसऱ्या वर्षी वॉटर बॉडी (पाणी फिरवणारा पंप) आणि फॅन बेल्ट. तिसऱ्या वर्षी महागाचं कुलंट. दर वेळी काम मे महिन्याच्या शेवटी व्हायचं, पंधरा दिवसांत पाऊस यायचा आणि गाडी बरी व्हायची. श्रेय पावसाचं, बिल गॅरेजचं. आमच्या जुन्या मिस्त्रींना विचारलं तर ते हसून म्हणायचे, "पानी पडनं, आते काय तपस ती!"

पावसाळ्यात बरी होते म्हणजे काय होतं

हा हिशेब आधी मांडला असता तर तीन वर्षं वाचली असती. रेडिएटर बाहेर किती उष्णता टाकणार हे आतलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्यातल्या फरकावर ठरतं. पाणी ९० अंशांवर धरा. जानेवारीत सकाळी हवा १५ असते, फरक ७५. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी ४५ होतं, फरक ४५. म्हणजे तोच रेडिएटर, तोच पंखा, तेच पाणी असून मे महिन्यात त्याची ताकद जानेवारीच्या साठ टक्केच उरते. आता हा रेडिएटर आधीच एक तृतीयांश चोंदलेला असला तर? थंडीत काहीच कळत नाही, कारण थर्मोस्टॅट असतो तो पूर्ण उघडावाच लागत नाही. हातात शिल्लक असते. ती शिल्लक एप्रिलमध्ये संपते आणि आपल्याला वाटतं बिघाड एप्रिलमध्ये झाला.

शिवाय सपाटीला गाडीला पुढून वारा मिळतो. गावात उभ्या गाडीला वारा नसतो, पण इंजिनही काम करत नसतं. घाटात मात्र वेग पंचवीसचा आणि इंजिन पूर्ण जोरावर: उष्णता सगळ्यात जास्त आणि वारा फक्त पंख्याचा. म्हणून फक्त घाटातच तापते या लक्षणावरून थेट एकच भाग दोषी धरता येत नाही. सगळ्या बारीकसारीक उणिवा तिथे एकदम वसूल होतात.

ज्या दिवशी काटा खाली आला

तिसऱ्या उन्हाळ्यात, आखाजीनंतरच्या (अक्षय्य तृतीयेनंतरच्या) आठवड्यात, घाटात काटा लाल पट्टीला लागला. मी एसी बंद केला, एक गिअर उतरलो. दोनच वळणांनी काटा खाली आला, मधोमध स्थिर झाला. मला आनंद झाला. पुढे किलोमीटरभर मी तसाच चालवत राहिलो. मग पिकअप गेलं, तापलेल्या रंगाचा वास यायला लागला आणि काटा मधोमधच.

बॉनेट उघडलं तर रेडिएटरच्या खालच्या होजचा क्लॅम्प सैल होऊन पाणी सगळं वाटेत सांडलेलं. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच पाण्याचं तापमान सांगतो. पाणी गेल्यावर त्याच्याभोवती उरते नुसती वाफ आणि हवा, आणि तिच्यात तो थंड पडतो. इंजिन जळायला लागलेलं असताना काटा "सगळं ठीक" दाखवतो तो असा. हेड गॅसकेट (इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा भाग यांच्यामधली चकती) गेलं, हेडला फेस मारावा (तळ घासून सपाट करावा) लागला, गाडी तीन आठवडे उभी. मिस्त्रींनी तेव्हा एक वाक्य सांगितलं ते मी डॅशबोर्डवर लिहून ठेवणार होतो: "काटा खोटं नई बोलस भाऊ, तो उशिरा बोलस."

माझ्या बाबतीत तो खोटंही बोलत होता, ते नंतर कळलं.

आधी काटाच तपासा

नवीन मीटर विकत घ्यायच्या आधी हे काम करा, फुकटात होतं. सेन्सर काढून त्याला लांब वायर जोडली, त्याच्या पितळी अंगाला दुसरी वायर बांधून इंजिनला अर्थ दिली, आणि तो स्टोव्हवरच्या पातेल्यात सोडला. बाजूला थर्मामीटर. इग्निशन चालू. मुलाला केबिनमध्ये बसवलं, तो काट्याची जागा ओरडून सांगत होता. साठला काटा पाव भागावर. अठ्ठ्याहत्तरला मधोमध. ऐंशी, मधोमध. नव्वद, मधोमध. पाण्याला उकळी फुटली, काटा मधोमध. चालकाला उगाच धास्ती वाटू नये म्हणून बऱ्याच गाड्यांचे काटे असे मधल्या पट्ट्यात मुद्दाम सुस्त केलेले असतात. म्हणजे ज्या वीस-बावीस अंशांत आपल्याला खरी माहिती हवी, तिथे हा काटा झोपलेला. तो हलतो तेव्हा मधली पायरी निघून गेलेली असते.

दुसरी तपासणी रात्री करा. इंजिन गरम, गाडी उभी, काट्याकडे बघत हेडलाइट लावा. काटा जरासा जरी हलला तर अर्थिंग खराब आहे. माझा हलत होता. इंजिनपासून बॉडीला येणारी अर्थची पट्टी गंजून हिरवी झाली होती. सेन्सरच्या आट्यांवर कुणीतरी पांढरी टेप भरपूर गुंडाळलेली होती, तीही अर्थ तोडते. या सेन्सरचा रोध तापमान वाढेल तसा कमी होतो. वाटेत गंजाचा किंवा टेपचा जादा रोध आला की मीटरला वाटतं पाणी अजून थंड आहे. दोन्ही साफ केल्यावर काटा निम्म्या रेघेने वर आला. तेवढी खोटी दिलाशाची रेघ मी तीन वर्षं बघत होतो.

चार तापमानं

एका आकड्याने भागत नाही हे पटल्यावर चार ठिकाणी नजर ठेवायचं ठरवलं.

पाणी: वरच्या होजमध्ये, थर्मोस्टॅटच्या बाहेर येतो तिथे, जोड घालून डिजिटल मीटरचा सेन्सर. होज रबराचा, त्यामुळे जोडाला स्वतंत्र अर्थची वायर द्यावी लागते. हे विसरलात तर मीटर मनाला येईल ते दाखवतो.

हेडचा धातू: अंगठीसारखा सेन्सर मिळतो, तो हेडवरच्या एखाद्या लहान ब्रॅकेटच्या बोल्टखाली बसवायचा. हेडच्या मुख्य बोल्टला चुकूनही हात लावू नका. पाणी गेलं तरी हा सेन्सर खरं सांगतो, कारण तो पाण्यावर अवलंबूनच नाही. चारांपैकी एकच परवडणार असेल तर मी हा घ्यायला सांगेन, बझरसकट. माझ्याकडे तो त्या दिवशी असता तर हेड उतरवावं लागलं नसतं.

बाहेरची हवा: पुढच्या जाळीमागे, एसीच्या कंडेन्सरच्या पुढे, साधा वायरवाला थर्मामीटर. याला लोक हसतात. पण बाहेर किती होतं हे माहीत नसेल तर पाण्याच्या आकड्याला अर्थ नाही, ते वर सांगितलंच.

आणि एक्झॉस्ट. यावर थोडा वेळ घालवतो, कारण टर्बो डिझेलचं खरं तापमान इथे कळतं. डिझेल इंजिनात जितकं डिझेल जास्त आणि त्याला हवा कमी, तितका धूर गरम. पेट्रोलचं गणित वेगळं आहे, ते इथे लावू नका. ॲक्सिलरेटर दाबल्यापासून दोन-चार सेकंदांत हा आकडा उडी मारतो. त्याच उष्णतेचा परिणाम पाण्यावर दिसायला काही मिनिटं लागतात. म्हणजे पाणी तुम्हाला मागचं वळण सांगतं, एक्झॉस्ट हे वळण सांगतो.

सेन्सर के प्रकारचा थर्मोकपल, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा जोड. तो टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डमध्ये, सगळ्या सिलिंडरांचा धूर एकत्र येतो तिथे बसवावा. टर्बोच्या नंतर बसवणं सोपं असतं, पण तिथे जोरावर असताना आकडा शंभर ते दोनशे अंशांनी कमी येतो आणि नेमका किती कमी हे बदलत राहतं. मॅनिफोल्डला भोक पाडायचं म्हणजे बिडाचा बुरा आत जाणार. टर्बोच्या पात्यांनी तो खाल्ला की टर्बो संपला. म्हणून मी मॅनिफोल्ड उतरवून लेथवाल्याकडे नेला, आटे पाडून घेतले, हवेने आणि लोहचुंबकाने साफ केला. गाडीवरच ड्रिलला ग्रीस लावून भोक पाडणारे लोक आहेत. त्यांचं धाडस त्यांच्यापाशी.

एक बारीक गोष्ट, इथे मी स्वतः फसलो. थर्मोकपलची वायर आखूड पडली म्हणून इलेक्ट्रिकच्या दुकानातली साधी तांब्याची वायर जोडून केबिनपर्यंत आणली. आकडे येत होते, सगळे चुकीचे. बॉनेटखाली गरम झालं की चूक आणखी वाढायची, कारण मीटर जोडाच्या जागेलाच आपली थंड बाजू समजत होता. थर्मोकपलला त्याच धातूंची जोडवायर लागते आणि तिची उलटसुलट बाजूही चालत नाही.

आकड्यांचा अंदाज म्हणून: नुसती चालू ठेवली तर धूर १२० ते २००, सपाटीला सत्तरने ३५० ते ४५०, चढावर भार घेऊन ६०० च्या वर. टर्बोच्या आधी ७०० च्या वर फार वेळ राहू नये असं धरून चालतो. पिस्टन ॲल्युमिनियमचे आहेत आणि ॲल्युमिनियमचा पिस्टन ७०० च्या खूप आधी वितळतो. तो टिकतो तो खालून उडणारं ऑइल आणि सिलिंडरची भिंत त्याची उष्णता ओढून घेतात म्हणून. त्या ओढण्यालाही मर्यादा आहे.

वहीतली पहिली नोंद

हे सगळं बसवून झालं फेब्रुवारीत. त्याआधी थर्मोस्टॅट परत बसवला, ८२ अंशांचा. तोही पातेल्यात तपासला: ८२ ला हलायला लागला, ९५ च्या आसपास पूर्ण उघडला. "थर्मोस्टॅट काढा" हा सल्ला आपल्याकडे इतका रुळलाय की नवीन बसवतोय म्हटल्यावर पार्टवाल्याने दोनदा विचारलं. काढल्याने इंजिन गरम व्हायलाच वेळ लागतो, डिझेल जास्त खातं, थंड सिलिंडर झिजतात. आणि ज्या इंजिनात थर्मोस्टॅट उघडल्यावर बायपासची वाट बंद होते, तिथे तो काढला की ती वाट कायमची उघडी राहते; काही पाणी रेडिएटरला न जाताच परत इंजिनात फिरतं. तापणं थांबवायला काढलेला भाग तापणं वाढवतो.

मग भार भरून घाट चढलो. वहीत लिहिलंय:

बाहेर ३१. राणीपूरला पाणी ८४. नववं वळण, तिसरा गिअर, इंजिन १८०० फेरे, धूर ७४०. पाणी ९७, हेड १०४. दुसरा गिअर टाकला, २६०० फेरे, तोच चढ, धूर ६३०.

इथे दोन गोष्टी दिसल्या. पहिली चालवण्याची. इंजिन ओढतंय ना, मग कशाला गिअर उतरवायचा, असं आपण म्हणतो आणि वरच्या गिअरमध्ये पाय दाबून धरतो. त्या फेऱ्यांना टर्बो पुरेशी हवा देत नाही, डिझेल मात्र पडत राहतं. गिअर उतरवला तर इंजिन ओरडतं, आपल्याला वाटतं त्रास होतोय. मीटरवर शंभराहून जास्त अंश उतरलेले असतात. वाढलेल्या फेऱ्यांनी वॉटर बॉडी आणि पंखाही जोरात फिरतात, तो फायदा वेगळा.

दुसरी गोष्ट जास्त मोठी. पाणी ९७, हवा ३१, फरक ६६. थर्मोस्टॅट पूर्ण उघडलेला असेल तर त्याच चढाला, त्याच भाराला हा फरक ढोबळमानाने तेवढाच राहतो. मग मे महिन्यात हवा ४४ असेल तेव्हा? ४४ आणि ६६, एकशे दहा. म्हणजे मे महिन्याचं दुखणं फेब्रुवारीत, घाम न गाळता, वहीवर मोजता आलं. फक्त आकडा ९५ च्या वर गेलेला हवा. त्याखाली थर्मोस्टॅट मध्येच हात घालतो आणि वजाबाकीला अर्थ राहत नाही.

सापडलं काय

आधी धूर. दुसऱ्या गिअरला ६३० ठीक, पण तिसऱ्याला ७४० म्हणजे हवा कुठेतरी कमी पडतेय. एअर फिल्टर साफ होता (गहू काढणीच्या दिवसांत तो आधी बघा). मिस्त्रींकडचं बूस्टचं, म्हणजे टर्बोच्या हवेच्या दाबाचं, मीटर तात्पुरतं लावलं तर ०.८ बारच्या आसपास हवं तिथे ०.४५ च्या वर जाईना. इंटरकूलरचे पाइप वरून ठणठणीत. मग टर्बोच्या तोंडाला डबा बसवून त्याला ट्यूबचा व्हॉल्व्ह जोडला, सायकलच्या पंपाने हवा भरली आणि सगळीकडे साबणाचं पाणी मारलं. इंटरकूलरच्या खालच्या होजच्या पोटात, जिथे तो चेसिसला घासतो, तिथे बोटभर चीर. हाताने चाचपली तर बंद, दाब आला की माशाच्या तोंडासारखी उघडायची. चढाला गाडी काळा धूर सोडते हे मला कधीपासून दिसत होतं; मी त्याला वय म्हणत होतो.

होज बदलल्यावर: बाहेर ३३, त्याच वळणाला तिसऱ्यात धूर ६५०, पाणी ९५. फरक ६२. चार अंश मिळाले. मे महिन्याचा हिशेब १०६. पुरेसं नाही.

मग रेडिएटर. इन्फ्रारेड गनने गरम रेडिएटरची जाळी चौकोन-चौकोनाने मोजली. गन चकचकीत ॲल्युमिनियमवर धरू नका, खूप कमी दाखवते. तिथे काळी टेप लावून टेपवर मोजा. वरचा भाग गरम आणि खाली सरकताना सावकाश उतरत जाणारा, असं असायला हवं. माझ्याकडे डावीकडचा खालचा कोपरा आजूबाजूच्या मानाने वीस अंश थंड, म्हणजे तिथे पाणीच फिरत नव्हतं. उतरवून टाकी उघडली तर नळ्यांच्या तोंडाशी पांढरट खडी. ही आमच्या बोअरची देणगी. मळ्यात असताना पाणी कमी दिसलं की बोअरचं पाणी ओतायचं, ही घरची पद्धत. ज्या पाण्याने ठिबकच्या तोट्या बुजतात म्हणून आपण ॲसिड सोडतो, तेच पाणी रेडिएटरमध्ये घालताना विचार येत नाही. आता गाडीत डिस्टिल्ड वॉटरचा कॅन असतो. कुलंट आपल्याकडे पाणी गोठू नये म्हणून लागत नाही, गंज आणि खडी थांबवायला लागतं. मी तीस-चाळीस टक्के ठेवतो, कारण उष्णता वाहून नेण्यात नुसतं पाणी कुलंटपेक्षा सरस असतं.

खरी गंमत कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या बोटभर फटीत होती. पुढून बघितलं तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो, पाण्याचा फवारा मारला की आपलं समाधान होतं. कंडेन्सरचे चार बोल्ट काढून तो पुढे ओढला तर मागे राखाडी गादी. कापसाची रूई, धूळ, ऑइलचा अंश, मध्ये पपईच्या पानाचे देठ. सोलली तर सलग निघाली, चटईसारखी. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांच्या मागून चालणाऱ्या कुणाचीही ही फट अशीच असणार. हवा मारायची ती इंजिनच्या बाजूने पुढे. पुढून मारली तर घाण जाळीत आणखी ठासते.

तिसरं, पंख्याभोवतीच्या कड्याचा खालचा अर्धा भाग गायब होता. हेडचं काम करताना "हात जात नाही" म्हणून काढला आणि राहिला. तो नसला की पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी खालची गरम हवाच फिरवत बसतो. भंगारातून मिळाला.

प्रेशर कॅपही नवीन टाकली, ०.९ बारची. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंच आहे. तिथे उघड्या भांड्यात पाणी ९६ च्या आसपास उकळतं. कॅप दाब धरत असेल तर गाडीतलं पाणी वर ११५ पर्यंत उकळत नाही. कॅपचं रबर कडक झालेलं असेल तर मात्र ९६ लाच खदखदायला लागतं, म्हणजे गाडी तापलेली नसताना उकळते. शंभर-दोनशेची वस्तू आहे, शंका आली की बदला.

एप्रिलमध्ये, बाहेर ४२ असताना, तोच भार, तेच वळण: पाणी ९६. फरक ५४.

तुमचं लक्षण वेगळं असेल तर

गावात, गर्दीत तापते आणि रस्त्याला लागली की उतरते: पंखा बघा. सिलिकॉनचा क्लच असलेला पंखा असेल तर गरम इंजिन बंद करून हाताने फिरवा. जड लागला पाहिजे, गरगर फिरला तर क्लच गेला.

सपाटीला पळवतानाही तापते: रेडिएटर आतून चोंदला किंवा वॉटर बॉडीची पाती गंजून झिजली. काटा वर-खाली उड्या मारतो, पाणी बाहेर कुठेच गळत नाही तरी कमी होतं, सकाळी थंड इंजिनावरही वरचा होज टणक लागतो: हेड गॅसकेट. गॅरेजात निळ्या द्रवाची चाचणी असते, रेडिएटरमध्ये धुराचा वायू असला की रंग बदलतो. ती करून घेतल्याशिवाय रेडिएटरवर खर्च करू नका.

पंप-नोझलवाल्याकडून "पिकअप वाढवून" आणल्यापासून तापत असेल तर उत्तर तिथेच आहे. डिझेल वाढवायला पंपावरचा जो स्क्रू फिरवला, तो परत फिरवून घ्या.

बंद केल्यावर दोन-तीन मिनिटं आकडा चढतो, त्याने घाबरू नका. पाणी फिरायचं थांबलं की धातूची उष्णता पाण्यात उतरते.

बझर कुठे लावलेत

पाणी १०२, हेड ११२, धूर ७००. धुराचा वाजला तर पाय उचलायचा किंवा गिअर उतरायचा, तीन सेकंदांत गप्प होतो. पाण्याचा वाजला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, काचा खाली. मे महिन्यात घाटात हीटर लावून बसणं काय असतं ते विचारू नका, पण हीटर हा छोटा रेडिएटरच आहे. तरी उतरत नसेल तर थांबून इंजिन हजार-बाराशे फेऱ्यांवर चालू ठेवायचं. हेडचा वाजला आणि पाण्याचा आकडा खाली पडतोय असं दिसलं तर एकच अर्थ: पाणी गेलं. तिथल्या तिथे बंद. कॅप उघडायची नाही, तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतायचं नाही. हेडला तडा जायला तेवढं पुरतं. वर पोचल्यावर चावी फिरवायच्या आधी धूर २०० च्या खाली यायची वाट बघतो, टर्बोतलं ऑइल जळू नये म्हणून. दोनेक मिनिटं लागतात.

या मे महिन्यात मिस्त्रींना मुद्दाम बरोबर नेलं. राणीपूरला बाहेर ४४. वळणं मोजत वर गेलो, नवव्याला मी काही न बोलता मीटरकडे बोट केलं: पाणी ९८. ते खिडकीतून बाहेर बघत होते. यशवंत तलावाशी गाडी उभी केली, धूर उतरू दिला, बंद केली. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, वरच्या होजला हात लावला, मग खालच्याला. खालच्या होजच्या दुसऱ्या टोकाचा क्लॅम्प अंगठ्याने घासून बघितला.

"हाऊ क्लॅम्प बदली टाक भाऊ. गंजी गया."